बाथरूममधल्या वासाचा माग काढताना

बाथरूममध्ये वास येऊ लागला की हात आधी फिनेलच्या बाटलीकडे जातो. तो तेवढा आवरा. फिनेल ओतलं, सुगंधी फवारा मारला, कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकल्या, की वास जात नाही, त्याचा पत्ता मात्र पुसला जातो. दोन आठवड्यांनी तोच वास सुवासात मिसळून परत येतो, आणि तेव्हा तो कसला आहे हेही धड सांगता येत नाही.

मी ३२ वर्षं शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात मुलं आधी पदार्थाचा रंग आणि वास बघत, मग प्राथमिक चाचणी घेत आणि शेवटी निश्चितीची. निश्चिती झाल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही, असा नियम होता. आमच्या घरातल्या वासाला मी हाच नियम लावला. पाच आठवडे वास येत होता. बघायला आलेला प्लंबर दारातूनच म्हणाला, "लादीखाली लीकेज असणार, सगळं फोडावं लागेल." लादीखाली काहीच नव्हतं. दोष जिथे होता तिथवर मला कागदाच्या एका पट्टीने नेलं, आणि दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. म्हणून कळकळीने सांगते, फोडाफोडीला हो म्हणण्याआधी पाच-सहा सकाळी या शोधाला द्या.

आधी नाक आणि वही

नाक फार हुशार उपकरण आहे, पण लवकर थकतं. एखाद्या वासात दोन-तीन मिनिटं थांबलं की तो जाणवेनासा होतो. घरातले म्हणतात "कुठे काय येतंय?" आणि पाहुण्याला उंबऱ्यातच भपका लागतो, तो यामुळेच. तेव्हा बाथरूममध्ये उभं राहून हुंगत राहण्यात अर्थ नाही. रात्री झोपण्याआधी आतलं जे जे उचलता येईल ते सगळं बाहेर काढा: टॉवेल, पायपुसणं, पोछा, कचऱ्याचा डबा, कमोडचा ब्रश, साबण, शाम्पू, सुगंधी वड्या. लादी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. खिडकी आणि दार बंद करा. सकाळी कुणी वापर करण्याआधी दहा मिनिटं बाहेरच्या हवेत थांबा, मग आत पाऊल टाका. पहिले दोन श्वास खरे. तेवढ्यात जे कळलं ते वहीत लिहा आणि बाहेर या. पुन्हा हुंगायचं असेल तर पुन्हा दहा मिनिटांनी.

बाहेर काढलेल्या वस्तू एकेक करून नाकाशी धरा. पायपुसण्याची खालची बाजू बघा. ब्रश ज्या डब्यात उभा असतो त्याच्या तळाशी साचलेलं पाणी बघा, ते किती दिवसांचं आहे कुणालाच आठवत नाही. दाराच्या मागे अडकवलेला, कधी पूर्ण न वाळणारा टॉवेल वरून स्वच्छ दिसतो, पण ओला झाला की त्याला कुबट वास सुटतो. शोध इथेच संपला तर फार छान.

संपला नाही, तर वहीत रोज एक ओळ लिहायला लागा: किती वाजता वास आला, खिडकी उघडी होती का, पंखा चालू होता का, गिझर लावला होता का, वॉशिंग मशीनचं पाणी नुकतंच सुटलं होतं का, पाऊस होता का, बाथरूम किती दिवस बंद होतं. या ओळी तेव्हा बिनकामाच्या वाटतात. आमचं कोडं त्यांनीच सोडवलं, ते पुढे सांगते.

वासाला नाव द्या

"घाण वास" हे नाव पुरत नाही. कसली घाण, ते ठरवलं की निम्मी ठिकाणं आपोआप गळतात.

सडलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. शाळेत किपच्या उपकरणात आयर्न सल्फाइडवर सौम्य आम्ल सोडून आम्ही तो वायू तयार करायचो. उपकरणाची तोटी जरा सैल राहिली तरी शेजारच्या वर्गातून निरोप यायचा. घरात तो गटाराच्या लाइनीतून येतो, कारण हवा न मिळणाऱ्या मळीत जिवाणू तो बनवतात. दहा लाख भाग हवेत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला तो कळतो. म्हणजे वास तीव्र आहे म्हणून गळती मोठी असेलच असं नाही. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हाच वायू दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेला, तर काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. बाहेरच्या बंद चेंबरमध्ये किंवा टाकीत तो त्याहून जास्तही साठतो आणि जीव घेतो. चेंबरचं झाकण उघडून आत डोकं घालणं, उतरणं, असलं काही घरच्या माणसाने करायचं नाही.

नाकाला झोंबणारा, डोळ्यांपर्यंत जाणारा मुतारीसारखा वास अमोनियाचा. लघवीतल्या युरियाचं जिवाणू विघटन करतात तेव्हा तो सुटतो. त्याचं ठिकाण बहुतेक वेळा कमोडच्या आसपास हातभर अंतरातच असतं.

कुबट, ओल्या मातीसारखा किंवा बंद पेटीसारखा वास बुरशीचा. तो एका जागी जोरात येत नाही, खोलीभर पसरलेला असतो. गोडसर, मळमळायला लावणारा आणि रोज वाढत जाणारा वास मेलेल्या उंदराचा किंवा पालीचा असू शकतो. छताच्या पोकळीत, पाइपांच्या डक्टमध्ये, गिझरच्या मागे बघा. माश्या कुठे घोंगावतात ते बघा, त्या आपल्याहून आधी पोचतात.

आणि जळक्या प्लास्टिकचा किंवा कारण नसताना मासळीसारखा वास आला तर हा सगळा लेख बाजूला ठेवा. गिझरचा प्लग, स्विच किंवा पंख्याची वायर तापत असेल. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जाळीखालचं पाणी

गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून प्रत्येक निचऱ्याखाली एक वाकण असतं, त्यालाच ट्रॅप म्हणतात. त्यात कायम थोडं पाणी अडून राहतं. साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे तीन बोटांएवढा हा पाण्याचा थर असतो. खालची हवा आणि तुमचं घर यांच्यामध्ये तेवढंच दार आहे. ते पाणी गेलं की दार सताड उघडं.

आणि ते पाणी नाना तऱ्हांनी जातं. सगळ्यात साधी म्हणजे आटून. पाहुण्यांचं बाथरूम, वापरात नसलेली मोरी, वॉशिंग मशीन हलवल्यावर उरलेली जाळी, इथलं पाणी काही आठवड्यांत उडून जातं. पंखा सतत चालू असेल तर आणखी लवकर. चाचणी सोपी आहे. प्रत्येक जाळीत एकेक तांब्या पाणी हळूहळू ओता, तासभर थांबा, परत हुंगा. वास थांबला तर कारण सापडलं. महिना-महिना बंद राहणाऱ्या जागी पाणी ओतल्यावर वर दोन चमचे खनिज तेल सोडा. ते तरंगतं आणि पाणी उडू देत नाही. खाद्यतेल नको, ते कालांतराने खवट होतं आणि नवाच वास मागे लागतो.

पाणी ओतल्यावर वास जातो, पण दोन दिवसांत परत येतो, असं झालं तर पाणी टिकत का नाही ते बघायला हवं. टॉर्च घेऊन जाळी उचला. काही जाळ्यांखाली एक वाटी असते, उलट्या घंटीसारखी, तिच्यामुळेच पाणी अडतं. ती तुंबली की पाणी सावकाश जातं, म्हणून घरातलं कुणीतरी किंवा साफसफाईला आलेलं माणूस ती काढून ठेवतं. पाणी झरझर जाऊ लागतं, सगळे खूश होतात, आणि आठवडाभराने वास सुरू होतो. तुमच्या जाळीखाली वाटीची जागा आहे पण वाटी नाही, असं दिसलं तर दुसरीकडे शोधू नका.

वाटी जागेवर असेल तर केस बघा. ट्रॅपच्या कडेवरून पलीकडे लोंबणारा केसांचा पुंजका दिव्यातल्या वातीसारखं काम करतो. थेंबाथेंबाने पाणी ओढून पलीकडे सोडतो. हातमोजा घालून तो ओढून काढा. सोबत येणारी काळी बुळबुळीत मळी जुन्या ब्रशने खरवडून टाका, कारण पाण्याच्या वर असलेली मळी स्वतःच वास मारते, ट्रॅप कितीही भरलेला असो.

तिसरं कारण कानाने कळतं. तुम्ही किंवा वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केलं की तुमच्या जाळीत गुडगुड होते का? उभ्या पाइपातून पाणी जोरात उतरतं तेव्हा त्याच्यामागे हवा लागते. ती हवा गच्चीवर उघडणाऱ्या व्हेंट पाइपातून मिळायला हवी. व्हेंट घरट्याने, पाल्याने बुजलेला असेल किंवा बसवलेलाच नसेल, तर हवा तुमच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि सोबत पाणीही जातं. हे काम प्लंबरचं. पण त्याला "वास येतो" एवढंच सांगण्याऐवजी "फ्लश केल्यावर जाळी गुडगुडते आणि मग वास येतो" असं सांगा. त्याचा तासभर वाचेल.

वॉशिंग मशीनचा पाइप जाळीत नुसता खोचलेला असेल तर त्याच्या भोवतीची फटही बघा. तिथे रबरी गोल मिळतो, तो बसवला की झालं.

पिशवीची चाचणी

इतकं करूनही समजलं नाही तर एकेक तोंड बंद करायचं. लादीवरच्या जाळीवर टेप लावायचा खटाटोप नको, ओल्या लादीवर टेप टिकत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत दोनेक लिटर पाणी भरा, गाठ मारा आणि ती पिशवी जाळीवर ठेवा. पाण्याच्या वजनाने ती पसरते, उंचसखल लादीशी जुळवून घेते आणि जाळी पक्की झाकते. बेसिनला बूच लावा आणि वरच्या बाजूच्या छोट्या भोकात ओलं फडकं कोंबा. कमोडवर, सीटच्या खाली, पातळ प्लास्टिक ताणून बसवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर रात्री गोंधळ होईल.

सगळी तोंडं बंद करून एक रात्र जाऊ द्या. सकाळी वास नसेल तर तो यांपैकी एकातून येतो. मग रोज रात्री एकच तोंड उघडं ठेवा. ज्या सकाळी वास परत आला त्या तोंडापाशी थांबा. ही झाली निश्चितीची चाचणी. एका रात्रीत दोन तोंडं उघडायची घाई करू नका, मग उत्तर मिळूनही ते कुणाचं हे कळत नाही.

सगळं बंद असूनही वास येत असेल तर ती माहिती जास्त मोलाची. म्हणजे वास जिथून यायला परवानगी आहे तिथून येतच नाहीये. सांधा, भिंत, फट, बुरशी, छत, यांच्याकडे वळा. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

बेसिन, आणि आमची चकती

बेसिनमध्ये दोन जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. एक म्हणजे ते वरचं भोक, पाणी ओसंडू नये म्हणून ठेवलेलं. त्याच्या आत बेसिनच्या चिनी मातीतूनच खाली जाणारी एक पोकळी असते. साबणाचा फेस, थुंकी, टूथपेस्ट तिच्यात जाते, पण धुवायला पाणी कधीच जात नाही. कानात घालायच्या कापसाच्या काडीने आतून पुसून बघा. काडी काळी आली आणि नाकाशी धरवली नाही, तर बाटली साफ करायचा लांब ब्रश आणि डिटर्जंटचं कोमट पाणी घेऊन ती पोकळी धुवा. आठवड्यातून एकदा त्या भोकात मगभर पाणी ओतायची सवय लावा.

दुसरी जागा बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखाली लटकणारी ती बाटली. खाली बादली ठेवा, बाटलीचा तळ हाताने डावीकडे फिरवा. निघाला नाही तर फडकं गुंडाळून पान्हा लावा, म्हणजे चकाकी जात नाही. तळात राखाडी चिखल, केस, टिकल्या, कधी अंगठीही सापडते. धुऊन परत बसवताना रबरी वायसर वाकडा बसला नाही ना ते बघा. नळ सोडून खाली कोरडा कागद फिरवा. एक थेंबही लागला तर वायसर परत बसवा.

मी हे सगळं केलं होतं. बाटली लख्ख होती, पाणी टिकत होतं, सगळ्या तोंडांवर पिशव्या होत्या, तरी वास होताच. मग रात्री वही घेऊन बसले. तेव्हा दिसलं की पहिल्या दोन सकाळी, जेव्हा मी पंखा बंद ठेवून दार लावलं होतं, तेव्हा "वास नाही" असं लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पंखा बंद करायचं विसरले होते, आणि त्या ओळीत "फार" हा शब्द दोनदा होता. पिशव्यांची रात्रही पंखा चालू ठेवूनच घालवली होती, हवा खेळती राहावी म्हणून. आणि नवा, जास्त जोराचा एक्झॉस्ट फॅन आम्ही बसवला होता तो बरोबर पाच आठवड्यांपूर्वी.

पंखा वास बाहेर टाकतो, एवढंच आपण धरून चालतो. पण तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी हवा कुठूनतरी आत यावी लागते. आमच्या बाथरूमचं दार लादीला अगदी टेकलेलं, खिडकी बंद. मग पंखा हवा ओढणार ती सापडेल त्या फटीतून.

पातळ टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापली, पेन्सिलीच्या टोकाला चिकटवली, पंखा लावला, दार बंद केलं आणि सगळ्या सांध्यांजवळून ती हळूहळू फिरवत नेली. कमोडमागे पट्टी निश्चल. जाळीच्या कडेने निश्चल. बेसिनखालचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे स्टीलची एक गोल चकती असते, दिसायला छान, भोक झाकणारी. तिच्याजवळ नेली तर पट्टी सरळ माझ्याकडे उडाली. पंखा बंद केला, पट्टी खाली आली. परत लावला, परत उडाली. असं मी चार वेळा केलं. चकती मागे सरकवली तर भिंतीतल्या रुंद पाइपाचं तोंड आणि आतला बारीक पाइप यांच्यामधलं रबर कडक होऊन तडकलेलं होतं. आमच्या बेसिनचा पाइप लादीवरच्या जाळीकडे येत नाही, थेट उभ्या लाइनीला मिळतो. म्हणजे बाटलीतल्या पाण्याला वळसा घालून गटाराची हवा चकतीमागून येत होती. रबर बहुधा फार आधी तडकलं असेल, पण ओढणारा पंखा आल्यावरच वास घरात आला.

नवं रबर बसवलं, भोवती सिलिकॉन भरलं आणि २४ तास तिथे पाणी लागू दिलं नाही. सुताराकडून दार खालून बोटभर रंधून घेतलं, म्हणजे पंख्याला हवा घरातून मिळते. तुम्हीही पट्टीची चाचणी पंखा चालू ठेवूनच घ्या. मेणबत्ती किंवा काडेपेटी मात्र वापरू नका, गटाराच्या हवेत मिथेन असतो. धूर देणारी सुगंधी काडीही नको, ती नाकच बाद करते.

कमोडभोवती

वास अमोनियाचा असेल तर सीट काढा. बऱ्याच सीटचे बोल्ट वरच्या टोप्या उघडून सुटतात. बिजागरीखाली पिवळा, सुकलेला थर मिळेल. कमोडच्या कडेखाली, जिथून फ्लशचं पाणी येतं तिथे, छोटा आरसा धरून बघा. क्षाराचा करडा, खडबडीत थर जमलेला असतो आणि तो लघवी धरून ठेवतो. सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणात भिजवलेला टिश्यू तिथे तासभर चिकटवून ठेवा, मग घासा.

कमोडच्या बाजूच्या लादीच्या फटी हा मोठा भाग आहे. त्यातलं सिमेंटचं भरण सच्छिद्र असतं, उडालेले थेंब शोषून घेतं आणि प्रत्येक वेळी लादी ओली झाली की वास सोडतं. लादी धुतल्यावर वास वाढत असेल तर संशय पक्का धरा. मी ओल्या लाल लिटमसने तपासलं, कागद निळा झाला तर अमोनिया. साबणानेही तो निळा होतो, म्हणून आधी साध्या पाण्याने धुऊन घ्या. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात तिने बघा, सुकलेली लघवी फिकट पिवळसर चमकते. डिटर्जंटही चमकतो, पण निळसर पांढरा. एन्झाइम असलेलं क्लीनर ओतून ते बाटलीवर लिहिलं असेल तितका वेळ ओलं राहू द्या. तरी गेलं नाही तर ते भरण खरवडून नवं भरा.

कमोड हलतो का, तेही बघा. दोन्ही हातांनी धरून अलगद डावी-उजवीकडे करा. जरासा डुलला तरी खालचा सांधा सुटलेला असू शकतो. टाकीत शाईचे दहा-बारा थेंब टाका, कमोडच्या पायाभोवती टिश्यूची माळ लावा, तीन-चार वेळा फ्लश करा आणि अर्धा तास थांबा. टिश्यूला रंग लागला तर गळती खरी. सांधा बसवून झाल्यावर भोवती सिलिकॉन लावताना मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी ठेवून घ्या, असं माझं मत आहे. पुढे कधी आत गळलं तर पाणी तिथून दिसेल, खाली मुरत बसणार नाही.

गरम पाण्याचा वास

फक्त अंघोळीच्या वेळी वास येतो असं असेल तर दोन ग्लास घ्या. एकात थंड, एकात गरम पाणी भरा, दोन्ही बाथरूमच्या बाहेर नेऊन हुंगा. फक्त गरम पाण्याला अंड्यासारखा वास असेल तर दोष टाकीच्या गिझरमध्ये आहे. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते, तिच्या संगतीने काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. टाकी रिकामी करून धुवायला आणि कांडी बदलायला गिझर दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. दोन्ही पाण्यांना वास असेल तर वरची टाकी किंवा पाण्याचा मूळ स्रोत तपासा. आणि ग्लासांत काहीच नसेल तर वास पाण्याचा नाहीच. पडणारं पाणी निचऱ्यातली हवा वर ढकलतं, म्हणून तो पाण्याचा वाटतो.

ओल आणि बुरशी

एखादी जागा २४ ते ४८ तास ओली राहिली की बुरशी धरायला तेवढं पुरतं. खोट्या छताचा एक तुकडा उचलून टॉर्चने बघा. आरशामागे, कपाटाच्या पाठीमागे, सिलिकॉनच्या काळवंडलेल्या रेषांत बघा. लादीवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तिथे खाली पाणी मुरत असू शकतं. पंख्याच्या तोंडाला बाहेरच्या बाजूने झडप आहे का, तेही बघा. नसेल तर पंखा बंद असताना डक्टमधली, म्हणजे दुसऱ्यांच्या बाथरूमची हवा तुमच्याकडे येते, आणि तुम्ही आपली फरशी घासत बसता.

रसायनांबद्दल

हे मला अगदी निक्षून सांगायचं आहे. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड कधीही एकत्र आणू नका, एकापाठोपाठही नको. त्यातून क्लोरीन सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. ब्लीच आणि अमोनिया यांच्यापासून क्लोरामाइन होतात, तेही विषारी. म्हणून लघवीचा वास येणाऱ्या जागी ब्लीच ओतू नका. निचरा मोकळा करायची कॉस्टिक पावडर टाकली असेल तर प्लंबरला आधी सांगा, नाहीतर ट्रॅप उघडताना त्याच्या हातावर उडेल. उकळतं पाणीही नको, पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण मळीला पुरतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसताना बघायला बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, मागे खारट पाणी उरतं.

प्लंबरला बोलवायचंच झालं तर वहीचं पान त्याच्या हातात द्या. कोणती तोंडं बंद केल्यावर काय झालं, पंख्याने काय फरक पडला, कुठे गुडगुडतं, सगळं त्यात असेल. लादी फोडण्याआधी लाइनीत धूर सोडून तपासायला सांगा, किंवा पाइपात कॅमेरा घालायला. धुराची चाचणी घ्यायची असेल तेव्हा आधी सगळे ट्रॅप पाण्याने भरून ठेवा, म्हणजे धूर फक्त नको तिथून निघतो. दुरुस्तीनंतर पुन्हा तीन रात्री दार बंद ठेवायचं, सकाळी दोन श्वास घ्यायचे, आणि पंखा एक रात्र बंद, एक रात्र चालू ठेवून दोन्ही ओळी लिहायच्या.